उघड्या डोक्याचा सुपरवायझर

त्यानं हेल्मेट काढलं आणि रांगेतल्या सगळ्या बायका एकदम गप्प झाल्या.

आमच्या कडोलीच्या महिला दूध डेअरीत सकाळी सहाला बायका गप्प होणं म्हणजे नवलच. मी तिथं दोन वर्षं सेक्रेटरी आहे, मला विचारा. फॅट कमी लागलं की ओरडा, जास्त लागलं की शेजारणीचा ओरडा, आणि या सगळ्यात थंडीनं बधिर झालेली माझी बोटं. दूध संघानं फॅट मोजायचं नवं मशीन बसवलं होतं आणि ते नीट चालेपर्यंत रोज एक सुपरवायझर येणार, असा निरोप आदल्या दिवशीच आला होता. तो हा. उंच, सावळा, मिशी नाही... आणि डोकं? तुळतुळीत! ट्यूबलाइटच्या उजेडात त्या डोक्यातून चक्क वाफ निघत होती.

आमच्याकडे पुरुषानं डोकं आणि मिशी दोन्ही चकोट केली म्हणजे घरात कोणीतरी गेलं. त्यात विचारण्यासारखं काही नसतं. तरी मी आवाज होईल तेवढा खाली आणून विचारलं,

"सर... कोण गेलं?"

"कुठं?"

"म्हणजे... घरात."

त्यानं माझ्याकडे बघितलं. हा प्रश्न त्याला हजाराव्यांदा विचारला गेला असावा, असं ते बघणं होतं.

"घरात सगळी हायत. अण्णा आत्ता निपाणीत चहा पीत पेपर वाचत असतील. मला केस न्हाईत मॅडम. पंचविसाव्या वर्षी गेले. जे चार राहिलेत ते मी दर तिसऱ्या दिवशी काढतो. झालं?"

धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. मशीनच्या घरघरीत आमचं बोलणं आमच्यापुरतंच राहिलं होतं, एवढंच नशीब. पण तेवढ्यात आमच्या चेअरमन अक्काताई पदर सावरत पुढं आल्या. त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या,

"वडील काय रं लेकरा?"

त्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्याला शिंक आली. मोठी. मान पार छातीपर्यंत खाली गेली. अक्काताईंनी ती मान होकार म्हणून घेतली.

"सोस बाबा, सोस," त्या म्हणाल्या, आणि रांगेत मागपर्यंत बातमी गेली.

माझे आप्पा, म्हणजे मारुतीराव, त्या दिवशी रांगेत होते. खातं आईच्या नावावर असलं तरी थंडीत दूध घालायला तेच यायचे. मागच्या सुपरवायझरशी त्यांनी फॅटवरून इतकी भांडणं केली होती, की तो आमची गल्ली टाळून जायचा. त्या दिवशी त्यांचं फॅट नेहमीपेक्षा कमी लागलं. आप्पांनी तोंड उघडलं, त्या डोक्याकडे बघितलं, आणि "असू दे, असू दे" म्हणत कॅन उचलून निघून गेले. मी हातातलं पेन खाली ठेवलं.

रांग संपल्यावर मी त्याला म्हटलं, "उद्या सगळ्यांना खरं सांगून टाका."

"सांगतो की. पण बघितलं न्हवं तुम्ही? एक माणूस भांडला न्हाय."

"म्हणून जित्या बापाला मारणार?"

"मी कुठं मारलं? मी शिंकलो."

आणि हसला. त्याचे पुढचे दोन दात किंचित तिरके होते. मला काय करायचे होते त्याचे दात? पण दिसले, ते दिसले.

त्याचं नाव मार्तंड. मूळचा निपाणीचा, बदली होऊन आलेला, हिंडलग्याला खोली घेऊन राहणारा. मशीन आठवड्यात सुरळीत चालू लागलं. पण तो मात्र रोज आमच्याकडेच आधी यायचा, मग बाकीची गावं.

"मशीन बिघडलंय काय?" मी विचारायची.

"बिघडू नये म्हणून बघाय लागतंय," तो म्हणायचा, आणि मशीन सोडून सगळीकडे बघायचा.

यंदाची थंडी तर विचारूच नका. शेतांवरून धुकं उतरायचं ते थेट डेअरीच्या दारात. आप्पा स्वेटरवर स्वेटर, त्यावर टॉवेल आणि वर माकडटोपी घालून यायचे. आणि हा माणूस हेल्मेट काढून गाडीच्या आरशावर अडकवायचा आणि उघड्या डोक्यानं कॅनमधले नमुने काढत फिरायचा. डोक्यावर दव साचून थेंब कपाळावर ओघळायचा... मी मशीनची नळी धरून बसलेली, आणि लक्ष त्या थेंबावर. पुसावासा वाटायचा. मग स्वतःचाच राग यायचा, आणि तो राग मी त्याच्यावर काढायची.

"टोपी घाला की सर!"

"नको."

"मफलर तरी?"

"नको."

"मग हेल्मेट कसं चालतं?"

"ते पोलिसांसाठी."

आणि वर शिंक! सांगा, अशा माणसाचं काय करायचं?

एकदा रांग लवकर संपली. मी आलं ठेचून चहा केला होता. त्यानं दोन्ही ग्लास उचलले, आपला खाली ठेवला, आणि माझा माझ्या हातात देताना म्हणाला, "आधी बोटं शेकून घ्या. रोज बघतोय, पेन धरवत न्हाय तुम्हाला."

म्हणजे त्यालाही दिसत होतं तर. मी ग्लासात बघत राहिले... आणि मग विचारलंच. टोपीचं एवढं काय आहे?

त्यानं सांगितलं. मागच्या जानेवारीत एका मुलीला बघायला गेले होते. थंडी होती म्हणून त्यानं लोकरीची टोपी घातली होती. लपवायचं म्हणून नाही, थंडी होती म्हणून. कोणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. साखरपुडा ठरला. साखरपुड्यात फेटा बांधायला टोपी काढली आणि मुलीचे काका उठून उभे राहिले. 'फसवणूक' म्हणाले. सगळ्या मांडवासमोर. त्याच्या आईनं आणलेली ओटीची साडी तशीच घडीनं परत आली.

"तवापासनं ठरवलंय, डोक्यावर काय घालायचं न्हाय. ज्याला बघायचंय त्यानं उघडं बघावं."

मला इतकं वाईट वाटलं, की मी चिडले. माझं असंच होतं.

"अहो, पण इथं सकाळी सहाला तुम्हाला बघायला कोण बसलंय?"

त्याचे कान लाल झाले. केस नसले की कान लपवता येत नाहीत, हा एक फायदा. त्यानं उरलेला चहा एका घोटात संपवला.

त्या शनिवारी मी बेळगावला गेले आणि स्वेटरवाल्यांच्या रांगेत पाऊण तास उभी राहून एक टोपी घेतली. करड्या रंगाची, कान झाकणारी. सोमवारी त्याच्या हातात दिली.

"माझ्यासाठी?"

"न्हाय, मशीनसाठी."

त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली, नीट बघितली, आणि गाडीच्या डिकीत ठेवली. घातली नाही! दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. एकदा डिकी उघडली तेव्हा मी वाकून बघितलं, तर टोपी तिथंच, स्वच्छ रुमालात गुंडाळलेली. रागानं मी त्या दिवशी अक्काताईंचं दूध आईच्या नावावर चढवलं. मग तो तापानं तीन दिवस आलाच नाही. तीन दिवस मी बाहेर गाडीचा आवाज आला की मान वर करायची, आणि रोज तो शेजारचा पेपरवाला निघायचा. तेव्हा कळलं. कळून उपयोग काय? मी सुपरवायझरच्या नव्हे, एका अडेलतट्टूच्या प्रेमात पडले होते.

इकडे बायकांची वेगळीच काळजी.

"महिना व्हत आला, पोराच्या डोक्यावर एक केस न्हाय," अक्काताई म्हणाल्या.

"निपाणीकडं जास्त दिवस पाळत असतील," कोणीतरी म्हणालं.

"पाळत न्हाईत. त्याचा दुखवटाच निघाला न्हाय. कोण करणारं नसंल बिचाऱ्याला."

बाप गेलेल्या माणसाला सोयऱ्यांनी नवा टॉवेल-टोपी द्यायचा, गोड खायला घालायचं, मग तो दुःखातून मोकळा झाला असं धरायचं, ही आमच्याकडची रीत. अक्काताईंनी ठरवलं, की कोणी नाही तर डेअरी त्याचा दुखवटा काढेल. मला यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी तिथंच सगळं उघड केलं असतं. निदान आता मी तसं म्हणते.

त्या दिवशीही शनिवार होता. तो बरा होऊन आला, पण एकटा नाही. गाडीच्या मागं एक जाडजूड गृहस्थ बसले होते, अंगात कोट, डोक्यावर पांढरी टोपी. उतरता उतरताच त्यांनी डेअरीकडे मालकासारखी नजर टाकली. इकडून अक्काताई ताटात टॉवेल, टोपी आणि शिऱ्याचा डबा घेऊन निघालेल्या, मागं आठ-दहा बायका, सगळ्यांचे चेहरे पडलेले. मी उठेपर्यंत त्या गाडीपाशी पोहोचल्या होत्या.

"तुम्ही पावणं कोण?" अक्काताईंनी त्या गृहस्थांना हळू आवाजात विचारलं. "गेलेल्यांचे भाऊ काय?"

"कोण गेलेल्यांचे?"

"ह्याच्या वडलांचे."

"अवो, मीच ह्याचा बाप! महादेव!"

कोणाच्या तरी हातून कॅनचं झाकण पडलं आणि गोल फिरत माझ्या पायाशी येऊन थांबलं. मार्तंडनं डोळे मिटून घेतले. महादेवअण्णांनी ताटाकडे बघितलं, टॉवेलकडे, टोपीकडे, मग मुलाच्या डोक्याकडे.

"ऐकलास? डोक्यावर काय तरी घाल म्हणून वरीसभर घसा फोडतोय. घातलं न्हाईस, आणि लोकांनी मला मारलं!"

"अण्णा..."

"अण्णा गेला! उद्या कोगनोळीला पोरगी बघायला जायचंय. दीड महिना थांबून विग करून घेतलाय. घालणार का न्हाय, ह्या बायांसमोर सांग."

मार्तंडनं एकदाच माझ्याकडे बघितलं. मग जमिनीकडे.

"घालतो."

अक्काताईंनी महादेवअण्णांना खुर्ची दिली आणि शिऱ्याचा डबा त्यांच्याच पुढं उघडला. ते रागारागानं स्वतःच्याच दुखवट्याचा शिरा खाऊ लागले. "साखर बरी पडलीया," असंही म्हणाले. बायका तोंडात पदर कोंबून हसत होत्या. मला हसू येत नव्हतं. मी मागं कॅन धुवायच्या नळाजवळ गेले. तो मागोमाग आला.

"नीलम..."

पहिल्यांदा नावानं. आणि तेही आत्ता!

"माझी टोपी तीन आठवडे डिकीत," मी म्हणाले. "ताप आला तरी घातली न्हाय. उघडं बघावं म्हणे! आणि कोगनोळीच्या पोरीसाठी विग?"

"अण्णांना दुखवट्याचा टॉवेल दिला लोकांनी. नको कसा म्हणू?"

"मग जावा की! चांगला भांग पाडून जावा!"

नळाचं पाणी बर्फासारखं होतं. मी तरी कॅन घासत राहिले, कारण हात थांबवले असते तर रडले असते. त्यानं नळ बंद केला.

"तिथं विग घालून जाईन. त्यांनी नको म्हटलं तर विगाला म्हटलं असं समजीन. मला काय फरक पडत न्हाय." तो थांबला. "तुमच्या घरी मला तसं येता येत न्हाय. तिथं उघड्या डोक्यानं यावं लागंल... आणि तिथं नको म्हटलं तर मला म्हटलं. मांडवात एकदा ऐकलंय ते. तुमच्याकडनं ऐकायची ताकद न्हाय माझ्यात."

"विचारलं कोणी? तुम्ही विचारलं तरी काय मला?"

"आप्पा तुमचे रोज दारात असतात. त्यांना काय सांगू, बाप जिता हाय, मिशी मीच काढतो, केस येतच न्हाईत?"

बाहेरून महादेवअण्णांची हाक आली आणि तो गेला. मी ओल्या हातांनीच डोळे पुसले, डोळे आणखी झोंबले. एवढं सगळं बोलून माणूस निघून जातो! म्हणजे प्रेम आहे, पण भीती त्याच्याहून मोठी आहे. रात्रभर मी त्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या. पहाटे उठून वेणी घालताना आरशात बघितलं, आणि ठरवलं की आज जे होईल ते होईल.

रविवारी म्हशी सुट्टी घेत नाहीत, म्हणून डेअरीही घेत नाही. सहाला तो आला. डेअरी करून तो तसाच बेळगावच्या स्टँडवर जाणार होता, महादेवअण्णा तिथं थांबणार होते. त्यानं हेल्मेट काढलं.

काळेभोर, दाट, चकचकीत केस. हेल्मेटमुळे भांग सरकून कानाकडे गेलेला.

"आता हा नवा सायेब कोण आणि?" अक्काताई म्हणाल्या.

"मीच हाय, अक्काताई."

"अगं बाई!" आणि मग बायकांच्या हसण्यानं डेअरी दणाणली. तो बिचारा मान खाली घालून नमुने घेऊ लागला. त्या केसांखाली मला माझा माणूसच सापडेना. तो दवाचा थेंब नाही, लाल कान नाहीत. कोणीतरी परका मुलगा मुलगी बघायला निघालेला. आणि एकदा कोगनोळीनं होकार दिला, की हा परका मुलगाच लग्न करून जाणार होता.

रांगेत आप्पांचा नंबर आला. त्यांनी कॅन कट्ट्यावर ठेवला. मी नमुना घेतला नाही. मशीन बंद केलं. घरघर थांबली तशा सगळ्या गप्प झाल्या.

"सर, ते काढा," मी म्हणाले.

"काय?"

"डोक्यावरचं. काढा."

"नीलम, अगं..." आप्पा म्हणाले.

"काढून जाऊ कसा?" तो हळू म्हणाला. "मग बघणार कोण मला?"

"मी बघती की! महिनाभर रोज सकाळी सहाला बघती. उघडंच बघितलंय. मला तसंच पाहिजे." माझा आवाज चिरकत होता, पण थांबला असता तर पुन्हा निघाला नसता. "थंडीत टोपी घालायची, ताप आला की औषध घ्यायचं, आणि माझ्या घरी यायचं. नको म्हणायचं असंल तर आत्ता म्हणा. मला पुढची रांग घ्यायची आहे."

त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि या वेळी जमिनीकडे बघितलं नाही. हळूच हात वर नेला आणि विग काढला. तुळतुळीत डोकं, खाली लाल लाल कान. मला इतकं बरं वाटलं, की मला परत त्याचा राग आला.

मग मला आप्पांची आठवण झाली. ते कॅनवर हात ठेवून उभे होते. माकडटोपीतून फक्त डोळे आणि मिशा दिसत होत्या.

"काल ऐकलं ते खरं म्हणायचं," ते मार्तंडला म्हणाले, "वडील जिते असताना मी महिनाभर फॅटवरनं भांडलो न्हाय?"

"व्हय आप्पा... माफ करा."

"माफ कसलं? महिन्याचं भांडण बाकी हाय आपलं." आप्पांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, माझ्याकडे बघितलं, मी बंद करून ठेवलेल्या मशीनकडे बघितलं. मोठा सुस्कारा सोडला. "आज घरला ये. जेवता जेवता भांडू. आणि असाच ये."

अक्काताईंनी डोळ्यांना पदर लावला. मागून कोणीतरी ओरडलं, "आता मशीन लावा गं, हात गळाले!" मी बटण दाबलं. चार वेळा चुकीचं दाबलं. पाचव्यांदा त्यानं माझ्या बोटावर बोट ठेवून बरोबर दाबलं, आणि तसंच जरा वेळ ठेवलं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. महादेवअण्णांचा आवाज त्या घरघरीतही साऱ्या रांगेला ऐकू येत होता.

"कुठं मेलास? गाडी लागलीया कोगनोळीची!"

"अण्णा, मी येत न्हाय. त्यास्नी कळवा." त्यानं माझ्याकडे बघितलं. "मुलगी बघून झाली."

पलीकडून आणखी चढलेल्या आवाजात, "कुठली? कुठं? आणि बघताना विग हुता न्हवं डोक्यावर?"

"हुता," मार्तंड म्हणाला. "तिनंच काढायला लावला."